मंदीच्या दिवसांत दुकानदाराची उमेद

कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने कापडाच्या लहान दुकानदारांपुढे काय बोलावे, असा प्रश्न आमचा विषय जाहीर झाल्यावर काही स्नेह्यांनी आम्हांला विचारला. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, ज्या दुकानात मालक, नोकर, हिशेबनीस आणि सकाळी झाडू मारणारा हे चौघेही एकच इसम असतात, तो दुकानदार आमच्या लेखी कामगारच होय. फरक असलाच तर एवढा की, गिरणीतल्या कामगाराचा पगार कापला गेला तर कापणारा त्याला समोर दिसतो. दुकानदाराला तसा कोणी दिसत नाही. म्हणून गल्ला रिकामा राहिला की तो स्वतःलाच गुन्हेगार ठरवतो. आजचा आमचा विषय हा गुन्हेगारपणाच आहे.

आपल्या या रामदासपेठेतून दुपारी दोनच्या सुमारास पायी जाऊन पाहावे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डॉक्टरांच्या पाट्या, औषधांची दुकाने, आणि त्यांच्या अधूनमधून एका शटरची लहान कापडदुकाने. वैशाखाचे ऊन मी म्हणत असते. आत पंखा फिरत असतो, काचेमागे साड्या आणि कुडते नीट लावलेले असतात, आणि बाकावर बसलेला माणूस रस्त्याकडे पाहत असतो. सकाळपासून बोहणी झालेली नसते. त्या माणसाला कोणी ‘हिंमत ठेवा, दिवस पालटतील’ असे सांगितले तर त्याला बरे वाटेल काय? आमचा अनुभव असा की, बरे वाटत नाही. उलट तो आणखी एकटा पडतो. हे आम्ही कोणाचे ऐकून सांगत नाही. ही चूक आमच्याच हातून, आमच्याच घरात घडलेली आहे.

आमचे थोरले बंधू गिरणीत होते. नागपुरातल्या गिरण्या एकामागून एक मावळल्या, त्यांत त्यांचीही नोकरी गेली. मिळालेल्या पैशातून त्यांनी एका वस्तीत भाड्याच्या खोलीत तयार कपड्यांचे दुकान घातले. पहिली दिवाळी चांगली गेली. पुढे विक्री मंदावली. आम्ही त्या वेळी सभांतून बोलत हिंडत होतो, आणि आठवड्यातून एकदा दुकानात जाऊन तेच भाषण दादांनाही ऐकवीत होतो. एके दिवशी ते एवढेच म्हणाले, ‘‘तुले भाषण देणं सोपं आहे. इथं दुपारच्या दोन वाजता एकदा बसून पाह्य.’’ आम्ही ते हसण्यावारी नेले. सहा महिन्यांनी वहिनींना सदऱ्यांच्या रिकाम्या खोक्यात हातउसन्या पैशांच्या चिठ्ठ्या सापडल्या. वीस हजार रुपये, शेकडा तीन रुपये महिना व्याजाने. दादांनी ते कर्ज सर्वांपासून लपवले होते. आणि सर्वांत जास्त आमच्यापासून, कारण धैर्याचे व्याख्यान देणाऱ्या भावापुढे आपण घाबरलो आहो हे सांगायची त्यांना लाज वाटत होती. आमच्या शब्दांनी त्यांची उमेद वाढली नव्हती. त्यांचे तोंड मात्र बंद झाले होते.

तेव्हापासून आम्ही या गोष्टीचा विचार करू लागलो. शाळा आम्ही आठवीतच सोडलेली. पुढचे शिक्षण ग्रंथालयाच्या बाकावर झाले. त्या वाचनात ऑस्ट्रियातील मारिएंथाल नावाच्या एका गावाची हकीकत हाती आली. व्हिएन्नाजवळचे हे गाव एका कापडगिरणीवर जगत होते. १९२९-३० मध्ये गिरणी बंद पडली आणि गावातली बहुतेक कुटुंबे बेकार झाली. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या अभ्यासकांनी तिथे जाऊन लोकांचे जीवन बारकाईने पाहिले व १९३३ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. आता वेळ पुष्कळ, तेव्हा लोक अधिक वाचीत असतील, असे वाटेल. परंतु गावच्या ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्याने घटली होती. रस्त्याने चालणाऱ्यांचा वेग घड्याळ लावून मोजला, तर पुरुष संथ चालत, वाटेत वरचेवर थांबत. बायका मात्र त्या मानाने झपझप जात, कारण त्यांना घरचे काम होते, वेळेवर चूल पेटवायची होती.

ही हकीकत वाचली आणि दादांचे दुपारी दोनचे वाक्य आम्हांला प्रथम समजले. रिकामा वेळ माणसाला विसावा देत नाही. तो त्याचा दिवसच मोडून टाकतो. दिवस मोडला की माणूस मंदावतो, आणि आपण त्याला आळशी म्हणतो. कारण आणि परिणाम यांची ही उलटापालट आहे. उमेद असली म्हणजे काम होते, असे आपण धरून चालतो. वस्तुतः काम, हिशेब आणि संगत ही ठिकाणावर असली म्हणजे उमेद त्यांच्या मागून येते. म्हणून मंदीत उमेदीची चिंता करीत बसू नये. या तीन गोष्टी हाताशी आहेत की नाहीत, ते पाहावे.

प्रथम हिशेब घेऊ. आणि हिशेबाच्याही आधी पंचांग. विदर्भातला कापडधंदा बारा महिने सारखा चालत नाही, चालूही शकत नाही. कापसाचा पैसा शेतकऱ्याच्या हाती दिवाळीच्या पुढेमागे येऊ लागतो. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते. उन्हामुळे आपल्याकडे शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात. तेव्हा गणवेशाची विक्री पुणे-मुंबईच्या मागून येते. पुढे आषाढी एकादशीपासून चातुर्मास, म्हणजे लग्ने थांबली. शेतकऱ्याचा पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला. पितृपक्षाच्या पंधरवड्यात पुष्कळ लोक नवे कापड घेत नाहीत. सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणारा अधिक महिना उन्हाळ्यात पडला तर ऐन सराईचे दिवस खाऊन टाकतो. हे सर्व ज्याने कागदावर मांडून पाहिले, त्याला श्रावणातली मंदी हा स्वतःचा नाकर्तेपणा वाटणार नाही. तुलना करायचीच तर या श्रावणाची गेल्या श्रावणाशी करावी. श्रावणाची दिवाळीशी करणे हा स्वतःवर अन्याय आहे. आणि श्रावणापेक्षा श्रावण पडला असेल, तर मात्र कारण दुकानात शोधावे.

चिठ्ठ्या सापडल्या त्या रात्री वहिनींनी आम्हांला बोलावून घेतले. आम्ही बोलायला सुरुवात करताच त्या म्हणाल्या, ‘‘भाऊजी, आज भाषण नको. तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्ही लिहा.’’ मग त्यांनी एकेक आकडा विचारला आणि आम्ही वहीत उतरवला. दुकानाचे भाडे, वीज, मालासाठी जाणे-येणे मिळून महिना दोन हजार. घरखर्च चार हजार. एकूण सहा हजार. शंभर रुपयांच्या विक्रीत नफा पंचवीस रुपये. तेव्हा सहा हजार सुटायला चोवीस हजारांची विक्री हवी. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर रोजची सुमारे सव्वानऊशेची. प्रत्यक्षात विक्री रोज पावणेसहाशेच्या आसपास होत होती. म्हणजे दरमहा जवळजवळ सव्वादोन हजारांची तूट, आणि वर सहाशे रुपये व्याज. आकडे काही सुखाचे नव्हते. पण त्या रात्री दादांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी आम्ही थोडी शांती पाहिली. ते म्हणाले, ‘‘मले वाटत होतं, सगळंच बुडालं.’’ तोपर्यंत त्यांची भीती अंधारातल्या आकृतीसारखी होती. आता तिला लांबी-रुंदी मिळाली. सव्वादोन हजारांशी झुंजता येते. ‘सगळेच बुडाले’ याच्याशी कोण झुंजणार?

श्रोत्यांपैकी जे दुकानदार आहेत त्यांनी हाच हिशेब आपल्या आकड्यांनी मांडावा. रोज लागणारी विक्री एका कागदावर लिहून गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटवावी, आणि घरखर्च त्या हिशेबात अवश्य धरावा. कित्येक दुकानदार तो धरीत नाहीत. गल्ल्यातून लागेल तसे उचलतात आणि वर्षअखेर धंदा कुठे गळतो ते त्यांना उमगत नाही.

मंदीत दुसरा मोह सवलतीचा. शेजारच्याने पाटी लावली, की आपणही लावतो. इथे साधे गणित आहे. पंचाहत्तरला घेतलेला नग शंभरला विकला तर पंचवीस सुटतात. दहा रुपये सोडले तर पंधरा. म्हणजे पूर्वी तीन गिऱ्हाइकांत जे मिळत होते, त्यासाठी आता पाच गिऱ्हाइके लागतील. श्रावणात ती वरची दोन कुठून आणायची? म्हणून चालू मालावर सरसकट सवलत देणे म्हणजे स्वतःची मजुरी कापून घेणे होय.

पडून राहिलेल्या मालाची गोष्ट वेगळी. दादांच्या फळ्यांवर खरेदीच्या भावाने अठरा हजारांचा माल वर्षभर पडला होता. तो साडेतेरा हजारांना काढला. साडेचार हजार बुडाले. दादांना ते फार लागले. पण ते साडेतेरा हजार कर्जात भरताच दरमहा चारशे पाच रुपयांचे व्याज वाचू लागले आणि अकरा-बारा महिन्यांत तोटा भरून निघाला. पडलेला माल फळीवर शांत दिसतो. आत तो रोज भाडे आणि व्याज खात असतो. चालू मालाचा भाव राखावा आणि पडलेल्या मालाचा मोह सोडावा. पुष्कळांचे याच्या नेमके उलट चालते.

आता दिवसाविषयी. दुकान ठरल्या वेळी उघडणे ही मंदीतली पहिली शिस्त. ‘गिऱ्हाईक कुठे येते, जाऊ अकराला’ असे एकदा झाले, की मारिएंथालच्या रस्त्यावर आपण चालू लागलोच. दुपारच्या रिकाम्या तासांना काम नेमून द्यावे: सोमवारी एक फळी उतरवून मोजणे, मंगळवारी उधारीवाल्यांकडे जाणे, बुधवारी काच बदलणे. आणि एक लहान वही ठेवावी. तिला आमच्या वहिनी ‘नाहीची वही’ म्हणत. गिऱ्हाइकाने मागितले आणि आपल्यापाशी नव्हते, असे जे जे असेल ते तिच्यात तारीख घालून लिहावयाचे. महिन्याने वाचावयाचे. रामदासपेठेतल्या दुकानदाराला तर ही वही फारच उपयोगी पडेल. इथल्या दवाखान्यांत यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीहून रुग्ण येतात. सोबतचे नातलग दोन दिवसांचे म्हणून येतात आणि आठ दिवस राहतात. त्यांना पंचा हवा असतो, पुढून उघडणारा गाऊन हवा असतो, पांघरायला चादर, बाळाला झबले हवे असते. ते काचेतल्या भरजरी दुपट्ट्याकडे पाहतात आणि पुढे जातात. वहीत ‘गाऊन, गाऊन, पंचा, गाऊन’ असे उमटू लागले, म्हणजे रस्त्यावरून जाणारी गर्दी आपल्याशी काय बोलत होती ते कळते. ‘विक्री नाही’ या एका वाक्याचे वहीत पन्नास तुकडे होतात, आणि त्यांतल्या दहांवर इलाज असतो.

तिसरी गोष्ट संगतीची, आणि ती आमच्या धंद्यातली. लहान दुकानदार शेजाऱ्याला वैरी समजतो. गिरणीमालकांनाही कामगारांनी एकमेकांना असेच समजावे असे वाटत असे. इंग्लंडातील रॉचडेल गावी १८४४ साली अठ्ठावीस माणसे एकत्र आली. त्यांत फ्लॅनेल विणणारे विणकर होते. अठ्ठावीस पौंड भांडवल जमवून २१ डिसेंबर १८४४ रोजी त्यांनी टोड लेन या गल्लीत दुकान उघडले. माल काय, तर थोडे पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ. अशा दुकानाला लोक हसले तर नवल नाही. पण त्यांचे नियम पक्के होते: माल चोख, माप पुरे, उधारी बंद आणि नफ्याची वाटणी खरेदीच्या प्रमाणात. जगभरच्या सहकारी चळवळीने पुढे हेच नियम आदर्श मानले. एकट्याने ते दुकान चालवले असते, तर पहिल्या मंदीतच त्याचे फळकूट लागले असते.

तयार कपड्यांच्या धंद्यात एकोप्याची गरज मापांमुळेही पडते. एका जातीचे सहा सदरे आणले की मधली मापे आधी खपतात. अगदी लहान आणि अगदी मोठे तेवढे उरतात. चार दुकानांत असे चार तुटके संच पडून असतात. चौघांनी महिन्यातून एक संध्याकाळ एकत्र बसून मापांची अदलाबदल केली, तर त्यांतला काही माल मार्गी लागू शकतो, एक पैसा न घालता. इतवारी-गांधीबागेत ठोक खरेदीला चौघांनी मिळून जावे. भावही उतरतो आणि ऑटोचे भाडेही वाटले जाते. पण आमच्या मते याहून मोठा लाभ वेगळाच आहे. त्या संध्याकाळी दुसऱ्याच्या तोंडून ‘माझीही आज बोहणी नाही’ हे ऐकायला मिळते. दादांना सहा महिने ते कोणी म्हणाले असते, तर खोक्यात चिठ्ठ्या साठल्या नसत्या.

मालकाची स्तुती आमच्या तोंडून ऐकून काही मंडळी दचकतील. तरी आपल्याच गावची एक गोष्ट सांगितली पाहिजे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. आरंभी घेतलेली यंत्रे स्वस्तातली, हलकी निघाली. ती पुढे बदलावी लागली. कामगार रोज कामावर येत नसत. त्यावर त्यांनी उपदेशावर भिस्त ठेवली नाही. गिरणीत १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू झाली. नियमित येणाऱ्यांना बक्षिसे दिली जात. त्यांत मालकाचा स्वार्थ होताच. परंतु माणसाचे चित्त कामावर टिकायला त्याच्या पायाखाली काही भक्कम असावे लागते, हे त्या व्यवहारी माणसाने ओळखले होते. ती गिरणीही १९८६ साली सरकारी महामंडळाकडे गेली, २००२ साली बंद पडली, आणि आज त्या जागी मॉल उभा आहे. एवढी मोठी गिरणी जिथे कायमची टिकली नाही, तिथे एका शटरच्या दुकानाची चढ-उतार हा कुणाच्या शीलाचा पुरावा कसा ठरेल?

शेवटी एक कठीण गोष्ट. उमेदीवर बोलणारे वक्ते ‘कधीही माघार घेऊ नका’ असे सांगून टाळ्या घेतात. आम्ही ते सांगणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांच्या धैर्यात काडीची उणीव नव्हती. पण तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला, आणि त्यात असंख्य घरे विरली. लढा कुठवर न्यायचा हे लढ्याच्या आधी, डोके थंड असताना ठरवावे, हा धडा आम्ही संघटनेच्या कामात त्यावरून घेतला. दुकानालाही तो लागू आहे. चांगल्या महिन्यात, नवरा-बायकोने मिळून, तीन ओळी लिहून ठेवाव्या: कर्ज किती रकमेच्या वर नेणार नाही, तूट सलग किती महिने सोसू, आणि मुलांची फी व घरातले दागिने यांना हात लावणार नाही. रेघ आखलेली असली म्हणजे रेघेच्या अलीकडे निर्धास्तपणे झुंजता येते.

दादा-वहिनींनी अशा तीन ओळी कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या होत्या. वहिनींनी परकर, फॉल-पिकोचे काम सुरू केले. दादांनी अर्धे दुकान गणवेशांना दिले. कर्ज तीन वर्षांत फिटले. पुढे बारा-तेरा वर्षे दुकान चालले; श्रीमंत कोणी झाले नाही, मुलांची शिक्षणे झाली. मग २०२० साली, ऐन लग्नसराईच्या तोंडावर, २५ मार्चपासून देश बंद झाला. दुकान बंद, शाळा बंद, गणवेश फळीवर. दिवाळीपर्यंत वाट पाहून दोघांनी कपाट उघडले, तीन ओळी वाचल्या, उरलेला माल शेजारच्या दोन दुकानदारांना खरेदीच्या भावाने दिला आणि शटर ओढले. कोणाचा एक रुपया देणे नव्हते. त्या रात्री दादा जेवले आणि स्वस्थ झोपले, असे वहिनींनी आम्हांला सांगितले. २००४ सालच्या त्या सहा महिन्यांत ते झोपले नव्हते. आज वहिनींच्या शिवणकामाची ने-आण ते करतात, आणि वस्तीत कोणी नवे दुकान घातले की त्याला आपण होऊन हिशेबाची वही मांडून देतात.

तेव्हा श्रोतेहो, घरी गेल्यावर उमेदीचा विचार करू नका. रोज किती विक्री हवी तो आकडा काढा, आणि तो घरातल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांचे दुकान नाही, त्यांनी उद्या दुपारी दोन वाजता ओळखीच्या एखाद्या दुकानात जाऊन दहा मिनिटे बसावे. उपदेश करू नये. ‘आज कसे काय?’ एवढेच विचारावे आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.